खेळाडू ते स्पोर्टिंग डायरेक्टर: गार्थ लॅगरवेची वाट आणि त्या वाटेवरचे खड्डे

अमेरिकेतली मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, १९९६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २००० पर्यंत गार्थ लॅगरवे या लीगमध्ये गोलकीपर होता. कॅन्सस सिटी, डॅलस आणि मायामी अशा तीन क्लबांकडून खेळला, पण मोठं नाव कधी झालं नाही. तिशी उलटायच्या आत खेळ थांबला. मग त्याने जॉर्जटाउन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि वॉशिंग्टनमध्ये लॅथम अँड वॉटकिन्स या बड्या लॉ फर्ममध्ये वकिली केली. सप्टेंबर २००७ मध्ये तो रियल सॉल्ट लेक या तळाशी रेंगाळणाऱ्या क्लबचा जनरल मॅनेजर झाला. २००९ मध्ये तो क्लब चॅम्पियन झाला. पुढे सिएटल साउंडर्समध्ये २०१६ आणि २०१९ चे एमएलएस कप (लीगचं विजेतेपद) आले आणि २०२२ ची काँकाकॅफ चॅम्पियन्स लीग, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या क्लबांची स्पर्धाही आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याने अटलांटा युनायटेडचं अध्यक्ष आणि सीईओपद घेतलं.

खेळाडू होता म्हणून त्याला आत घेतलं. टिकला तो मात्र करार आणि आकडे कळत होते म्हणून. या कामात उतरू पाहणाऱ्या प्रत्येक खेळाडूने हे आधी मान्य करावं, कारण बहुतेकांची तयारी नेमकी उलटी असते. खेळ पक्का कळतो आणि कागद कळत नाही.

आधी पद ओळखा

जाहिरातीत किंवा बोलण्यात एकच नाव वेगवेगळ्या कामांसाठी वापरलं जातं. युरोपात स्पोर्टिंग डायरेक्टर हा खेळाडूंची खरेदी-विक्री, प्रशिक्षकाची निवड आणि अकादमी यांचा धनी असतो. अमेरिकेत हेच काम बराच काळ जनरल मॅनेजर करत आला. टेक्निकल डायरेक्टर बहुतेक ठिकाणी अकादमी आणि प्रशिक्षण पद्धती पाहतो, भारतात तर कधी कधी मुख्य प्रशिक्षकालाच हे पद चिकटवतात. सीईओकडे तिकीट, प्रायोजक, स्टेडियम आणि कर्मचारी असतात. डच गोलकीपर एडविन व्हान डर सार २०१२ मध्ये आयॅक्स या आपल्या जुन्या डच क्लबात परतला तो मार्केटिंग डायरेक्टर म्हणून, आणि २०१६ मध्ये सीईओ झाला. म्हणजे मैदानाच्या बाजूने न जाता व्यवसायाच्या बाजूनेही वर जाता येतं.

मुलाखतीत एकच प्रश्न विचारा: खेळाडू विकत घेण्याच्या कागदावर शेवटची सही कोणाची? उत्तर अडखळत आलं तर पदाचं नाव कितीही भारदस्त असो, ते पद सल्लागाराचं आहे.

खेळत असतानाच करायच्या गोष्टी

पदवी पूर्ण करा. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो, पण पुढचे बहुतेक अभ्यासक्रम पदवी मागतात. महाराष्ट्रातल्या खेळाडूला मोसम सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे. कायदा शिकायचा असेल तर मात्र तीन वर्षांचा एलएलबी नियमित कॉलेजातूनच करावा लागतो, पत्रद्वारे केलेला एलएलबी बार कौन्सिल मानत नाही. तेव्हा कायदा निवृत्तीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांत बसवा. लॅगरवेनेही तेच केलं.

वकीलच व्हायला हवं असं नाही. जर्मन गोलकीपर ऑलिव्हर कानने खेळ सोडल्यावर एमबीए केलं. फिफा मास्टर नावाचा अभ्यासक्रम लेस्टर, मिलान आणि न्यूशातेल या तीन शहरांतल्या विद्यापीठांत एकामागून एक चालतो. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंसाठी यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेचा एक वेगळा एक्झिक्युटिव्ह मास्टर आहे. पण अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. एक करार वाचणं, एक ताळेबंद वाचणं आणि एक पानी टिपण लिहिणं ही तीन कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमतात का, एवढंच पाहा.

स्वतःचा करार ही पहिली क्रमिक पुस्तिका समजा. तो एजंटाकडे सोपवून सही करू नका. पगाराचे हप्ते, सामन्यामागे बोनस, दुखापतीत काय, क्लब खाली घसरला तर काय, करार वाढवण्याचा हक्क कोणाकडे, वाद कुठे चालणार, हे प्रत्येक कलम वाचून त्याखाली साध्या मराठीत एक ओळ लिहा. जे कलम असं लिहिता येत नाही, ते तुम्हाला कळलेलं नाही.

प्रशिक्षणाचे परवानेही घ्या, निदान एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) ‘बी’पर्यंत. प्रशिक्षक व्हायचं नसलं तरी चालेल. उद्या ज्या प्रशिक्षकाला नेमायचं किंवा काढायचं आहे, त्याचा आठवड्याचा आराखडा वाचता आला पाहिजे.

एक सावधगिरी: मधल्या काळात एजंटाचा धंदा करून पाहू, असं अनेकांना वाटतं. फिफाच्या २०२३ च्या नियमांनुसार एजंटासाठी परीक्षा आहे, वीस प्रश्न आणि साठ मिनिटं, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. नियम पाठ करायला ही परीक्षा उत्तम. पण परवाना चालू असताना क्लबची नोकरी धरता येत नाही, तो हितसंबंधांचा संघर्ष ठरतो. आणि एजंट म्हणून ज्या खेळाडूंकडून कमिशन घेतलं, त्यांनाच उद्या क्लबात आणलं की पहिल्या दिवसापासून संशय मागे लागतो.

पहिली नोकरी छोटी घ्या

माजी खेळाडूला थेट मोठ्या खुर्चीचं आमंत्रण येतं तेव्हा बहुधा क्लबला त्याचा चेहरा हवा असतो. त्यापेक्षा लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडे उसने गेलेल्या खेळाडूंचा पाठपुरावा, संघ व्यवस्थापन, नोंदणीचे कागद, अकादमी किंवा स्काउटिंग (खेळाडू हेरणं) यांपैकी एका टेबलावर दोन मोसम काढा. नोंदणीचं टेबल सगळ्यात नीरस आणि सगळ्यात उपयोगी. फिफाच्या ट्रान्सफर मॅचिंग सिस्टिममध्ये दोन्ही क्लबांनी भरलेली माहिती तंतोतंत जुळली नाही, किंवा खिडकी, म्हणजे खेळाडू घेण्या-देण्याची ठरलेली मुदत, बंद होण्याआधी एखादा कागद चढवायचा राहिला, की सौदा अडकतो. हे ज्याने हाताने केलं आहे तो पुढे शेवटच्या दिवसापर्यंत सौदा ताणत नाही.

सेव्हिया या स्पॅनिश क्लबाचा मोंची याला अपवाद वाटतो. नव्वदच्या दशकात तो तिथे बहुतेक वेळ राखीव गोलकीपर होता आणि २००० मध्ये क्लब दुसऱ्या विभागात घसरला तेव्हा थेट फुटबॉल संचालक झाला. पण तेव्हा क्लब कर्जात होता आणि ही खुर्ची कोणाला नको होती. पडेल ते काम स्वतः करत शिकायला याहून चांगली जागा नाही. जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा मिखाएल झोर्क १९९८ मध्ये खेळ थांबवून त्याच क्लबात संचालक झाला आणि २०२२ पर्यंत राहिला. लॅगरवे, मोंची, व्हान डर सार, कान हे चौघेही गोलकीपर होते. यातून सिद्धांत काढू नये, पण नव्वद मिनिटं मागे उभं राहून सगळ्यांची चूक बघायची सवय वाया जात नसावी.

हिशेब: इथे बहुतेक जण बुडतात

एमएलएसचं उदाहरण घेऊ, कारण तिथे पगाराला मर्यादा आहे आणि गणित उघड दिसतं. खेळाडूचा करार क्लबशी नसून लीगशी असतो. २०२५ च्या मोसमात प्रत्येक क्लबला सीनियर यादीतल्या वीस जागांसाठी ५९ लाख ५० हजार डॉलरचं सॅलरी बजेट होतं. एका खेळाडूचा बजेटवर जास्तीत जास्त ७ लाख ४३ हजार ७५० डॉलर भार धरला जात होता. २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅम आला तेव्हा डेझिग्नेटेड प्लेअरचा नियम निघाला. अशा तीन खेळाडूंना मालक हवे तितके पैसे देऊ शकतो, बजेटवर मात्र तेवढाच कमाल भार पडतो.

आता करून पाहा. तीन स्टार घेतले की २२ लाख ३१ हजार २५० गेले. उरले ३७ लाख १८ हजार ७५०, आणि जागा सतरा. म्हणजे सरासरी २ लाख १८ हजार ७५० डॉलर. स्टार कोणीही निवडेल, कारण पैसा मालकाचा असतो आणि नाव वर्तमानपत्रात आलेलं असतं. जनरल मॅनेजरची परीक्षा त्या सतरा जागांवर होते. तिथे मदतीला तीन गोष्टी असतात. लीगकडून मिळणारी अ‍ॅलोकेशन मनी, जिच्याने एखाद्याचा भार खाली आणता येतो. बावीस वर्षांखालच्यांसाठीचा २०२१ पासूनचा नियम, ज्यात महागड्या तरुणाचा भार कमी धरतात. आणि स्वतःच्या अकादमीतून वर आलेले होमग्रोन खेळाडू. २०१५ च्या सुपरड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडायच्या कार्यक्रमात, सिएटलने सोळाव्या क्रमांकावर क्रिस्टियन रोल्डान घेतला. लॅगरवे तेव्हा नुकताच रुजू झाला होता. रोल्डान पुढे संघाचा कणा झाला. अशा निवडी त्या सतरा जागांमध्ये बसतात आणि त्यांच्या जोरावर वरच्या तीन जागांची चैन परवडते.

मर्यादेत चालणाऱ्या क्लबला यशाची किंमतही मोजावी लागते. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येकाला पगारवाढ हवी असते आणि बजेट त्या वेगाने वाढत नाही. २०१२ च्या डिसेंबरात रियल सॉल्ट लेकने जेमिसन ओलावे, फॅबियन एस्पिंडोला आणि विल जॉन्सन हे तीन पक्के खेळाडू एका झटक्यात दुसऱ्या क्लबांना दिले. चाहते खवळले. पुढच्याच वर्षी तो संघ एमएलएस कपच्या अंतिम फेरीत गेला आणि पेनल्टीवर हरला. विकायची वेळ खेळाडू उतरणीला लागण्याआधीची असते, आणि ती नेमकी तेव्हाच येते जेव्हा कोणालाही विकावंसं वाटत नाही.

युरोपात पगारमर्यादा अशी नाही, पण यूएफाच्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांना संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत ठेवावा लागतो. या खर्चात पगार, एजंटांचं मानधन आणि ट्रान्सफर फीचा वार्षिक हप्ता धरतात. तो हप्ता समजून घ्या. ८० लाख युरोला चार वर्षांच्या करारावर खेळाडू घेतला तर हिशेबाच्या वहीत दरवर्षी २० लाख खर्ची पडतात. दोन वर्षांनी त्याची वहीतली किंमत ४० लाख उरते. तेव्हा तो ६० लाखांना विकला तर खिशातून २० लाख गेलेले असतात आणि वहीत २० लाखांचा नफा दिसतो. अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून त्याची सगळी विक्री नफा. सेव्हियाने होसे अँतोनियो रेयेस आणि सर्जियो रामोस विकून जो श्वास घेतला, तो याच कारणाने. हप्ता लहान दिसावा म्हणून आठ-आठ वर्षांचे करार करण्याची युक्ती काहींनी काढली होती. यूएफाने २०२३ पासून हिशेबासाठी पाच वर्षांची कमाल घातली.

लहान क्लबासाठी याहून महत्त्वाची आहे सॉलिडॅरिटीची रक्कम. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे घेऊन गेला, तर ट्रान्सफर फीच्या ५ टक्के रक्कम त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. १२ ते १५ या प्रत्येक वर्षाला फीच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. समजा दोन कोटींना सौदा झाला आणि मुलगा १६, १७ आणि १८ या तीन वर्षांत तुमच्याकडे नोंदलेला होता. तुमचा वाटा दीड टक्का, म्हणजे तीन लाख रुपये. २०२२ च्या अखेरीपासून ही रक्कम फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून, खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवर (तो कधी कोणत्या क्लबात होता याची यादी) नोंदलेल्या क्लबांना जाते. नोंद नसेल तर वाटा नाही. गोव्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या क्लबने पोराला पाच वर्षं घडवलं, पण फेडरेशनच्या केंद्रीय नोंदणीत तारखेसह नाव चढवलं नाही, तर ते पैसे कागदाअभावी जातात.

खुर्चीवर बसल्यावर पहिले तीन महिने

पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो मोठी खरेदी करू नका. एक तक्ता बनवा. प्रत्येक खेळाडूसमोर वय, करार संपण्याची तारीख, क्लबवरचा एकूण वार्षिक खर्च (पगार, बोनस, घरभाडं, एजंट, फीचा हप्ता), गेल्या दोन मोसमांत खेळलेली मिनिटं, दुखापतीमुळे बुडालेले दिवस, आणि तो उद्या गेला तर जागा कोण घेईल, एवढे सहा रकाने पुरतात. तक्ता भरताना लेखा विभाग आणि वैद्यकीय पथक यांच्याकडून आकडे स्वतः मागा. आलेले आकडे आणि तोंडी ऐकलेले आकडे जुळत नाहीत, हे बहुतेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात दिसतं.

तक्ता भरला की आधी करार संपण्याच्या तारखा बघा. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी मोकळेपणी करार करू शकतो आणि तुम्हाला दमडीही मिळत नाही. म्हणून निर्णय अठरा महिने उरले असतानाच घ्यायचा: वाढवायचा, विकायचा, की जाणूनबुजून सोडायचा. तिन्ही चालतात, न ठरवणं चालत नाही. फिफाच्या नियमाने व्यावसायिक करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा (देशाचा कायदा परवानगी देत असेल तरच जास्त), अठरा वर्षांखालच्या मुलाचा तीन वर्षांचा. सगळ्यांचे करार एकाच उन्हाळ्यात संपणार नाहीत अशी मांडणी ठेवा.

मग खर्च आणि मिनिटं शेजारी ठेवा. पगाराच्या यादीत वरच्या पाचांत असलेला आणि मिनिटांत पंधराव्या क्रमांकावर असलेला खेळाडू सापडतोच. त्याला लगेच काढायची घाई करू नका. त्याच्याशी बोला, प्रशिक्षकाशी बोला, फिजिओशी बोला. कधी तो चुकीच्या जागी खेळवला जात असतो.

खेळाडू निवडण्याची रीत

मोंचीची पद्धत वारंवार सांगितली गेली आहे आणि ती नक्कल करण्यासारखी आहे. मोसमाच्या पहिल्या अर्ध्या भागात स्काउट आपापल्या लीग बघतात, कोणालाही शोधत नाहीत. दर महिन्याला प्रत्येक लीगचा सर्वोत्तम अकरांचा संघ बनवतात. डिसेंबरपर्यंत ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यांचा पाठलाग मग सुरू होतो: घरच्या मैदानावर, बाहेर, राष्ट्रीय संघात. प्रशिक्षक कशा प्रकारचा खेळाडू हवा ते सांगतो, नाव सांगत नाही. उन्हाळा येईपर्यंत प्रत्येक जागेसाठी उमेदवारांची यादी हातात असते. दानी आल्वेस ब्राझीलच्या बाहियाहून कोवळ्या वयात आला आणि २००८ मध्ये बार्सिलोनाला गेला. इव्हान राकितिच २०११ मध्ये जर्मनीतल्या शाल्केहून आला आणि २०१४ मध्ये बार्सिलोनालाच गेला.

तुमच्याकडे एवढी माणसं नसतील. तीन स्काउटांतही हे होतं, फक्त लीग कमी धरा आणि त्या नीट बघा. एका जागेसाठी चाळीसेक नावांपासून सुरुवात करा, आकड्यांवरून दहा-बारावर या, प्रत्यक्ष पाहून तिघांवर. प्रत्यक्ष पाहणं म्हणजे निदान चार सामने, त्यातला एक पावसात किंवा वाईट मैदानावर, आणि एक असा ज्यात त्याचा संघ मार खातो आहे. ०–३ ने मागे असताना तो काय करतो, बदली होऊन बाहेर येताना कोणाच्या हातात हात देतो, हे चित्रफितीत दिसत नाही. त्यानंतर त्याच्या जुन्या क्लबांतल्या दोन माणसांना फोन: एक प्रशिक्षक, एक फिजिओ किंवा किट सांभाळणारा. दुसरा जास्त खरं बोलतो.

शेवटी एक पान लिहा. कोणती जागा, का हाच, एकूण चार वर्षांचा खर्च, सगळ्यात वाईट काय होईल आणि तेव्हा किती रक्कम परत मिळेल. हे पान तारखेसह जपून ठेवा आणि दोन वर्षांनी काढून वाचा. निवड चुकली की माणूस आठवणीत आपलं मत बदलतो, कागद बदलत नाही.

चुकीचं उदाहरणही मोंचीचंच. एप्रिल २०१७ मध्ये तो इटलीतल्या रोमा क्लबात गेला. मोहम्मद सलाह आणि पुढच्या वर्षी अलिसन विकले गेले, आधीच नावाजलेला हाविएर पास्तोरे मोठ्या रकमेला आणला आणि तो दुखापतींत अडकला. मार्च २०१९ मध्ये मोंची बाहेर पडला. माणूस तोच, डोळाही तोच. पण सेव्हियात सतरा वर्षं जमवलेली माणसं, धीर धरणारी समिती आणि विकण्याची सवय असलेले चाहते रोममध्ये नव्हते. पद्धत एका क्लबातून दुसऱ्यात नेताना ती कोणाच्या खांद्यावर उभी होती हे आधी पाहावं.

प्रशिक्षक

संघ कसा खेळणार हे क्लबने आधी दोन पानांत लिहायचं आणि मग त्यात बसणारा प्रशिक्षक शोधायचा. क्रम उलटला की दर अठरा महिन्यांनी नवा प्रशिक्षक आणि त्याच्यासाठी नवे आठ खेळाडू. सॉल्ट लेकमध्ये लॅगरवे आणि प्रशिक्षक जेसन क्राइस हे ड्यूक विद्यापीठात एकाच संघात होते. त्यामुळे ‘संघ हाच स्टार’ हे क्लबचं ब्रीद दोघांनी सारख्याच अर्थाने घेतलं. मैत्रीचा असा फायदा क्वचित होतो, यावर विसंबू नका.

बदल करायचा तर नुसता बदल पुरत नाही. २०१६ च्या जुलैअखेर सिएटल तळाजवळ होता. प्रशिक्षक झिगी श्मिड पायउतार झाले, सहायक ब्रायन श्मेट्झरकडे हंगामी सूत्रं आली आणि त्याच आठवड्यात अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सहून निकोलास लोदेरो दाखल झाला. डिसेंबरात तोच संघ टोरंटोत पेनल्टीवर चॅम्पियन झाला, आणि त्या अंतिम सामन्यात त्यांचा एकही फटका गोलच्या चौकटीवर गेला नव्हता. सहायकाला बढती दिल्यामुळे सराव विस्कटला नाही, आणि नवा खेळाडू खिडकी उघडण्याआधीच ठरवलेला असल्याशिवाय असा वेळेत येत नाही.

करंडकावरून स्वतःचं काम मोजू नका. २००९ चा सॉल्ट लेक ११ विजय, १२ पराभव आणि ७ बरोबरी अशा नोंदीने जेमतेम बाद फेरीत आला होता. त्याच लॅगरवेच्या काळात अटलांटात मोठे सौदे होऊनही २०२५ चा मोसम वाईट गेला. मालकाला वर्षातून दोनदा जो अहवाल द्याल त्यात गोलांच्या संधी, अकादमीतून वर आलेल्या मुलांची मिनिटं, संघाचं सरासरी वय आणि विक्रीतून मिळालेली रक्कम असू द्या.

माजी खेळाडू कुठे घसरतात

ड्रेसिंग रूममध्ये जाऊन बसण्यात. तिथे आता प्रशिक्षकाचं राज्य आहे. खेळाडू तुमच्याकडे तक्रार घेऊन आला की पहिला प्रश्न: हे प्रशिक्षकाला सांगितलंस का? दोनदा असं विचारलं की तिसरी तक्रार येत नाही.

जुन्या सोबत्यांना नोकऱ्या देण्यात. द्यायचीच तर जाहिरात काढून, मुलाखत घेऊन, दुसऱ्याच्या सहीने. आपल्यासारखाच खेळाडू शोधण्यात. लढाऊ हाफबॅक असलेला संचालक लढाऊ हाफबॅकच घेत सुटतो, हे संघाच्या यादीवर नजर टाकली की कळतं.

कार्यालयाला ड्रेसिंग रूम समजण्यात. मार्क ओव्हरमार्स आयॅक्सचा यशस्वी फुटबॉल संचालक होता. महिला सहकाऱ्यांना अनुचित संदेश पाठवल्याचं उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला जावं लागलं. त्याची खुर्ची भरायला तयार माणूस नव्हता, काम तात्पुरत्या जोडीवर गेलं, त्याच उन्हाळ्यात मोठी विक्री आणि मोठी खरेदी झाली. पुढचा मोसम बिघडला आणि मे २०२३ मध्ये सीईओ व्हान डर सारनेही पद सोडलं. तुमच्याखाली कामाचा दुसरा माणूस पहिल्या वर्षापासून तयार करा, आणि त्याला प्रत्येक करार माहीत असू द्या.

इथे सुरुवात कुठे करायची

भारतात ही वाट अरुंद आहे, पण आहे. भारताकडून खेळलेला अभिषेक यादव फेडरेशनमध्ये स्काउटिंग आणि राष्ट्रीय संघांच्या कारभारात गेला. गोलकीपर सुब्रत पॉलकडे राष्ट्रीय संघांचं संचालकपद आलं. मुंबईचा डॅरेन कॅल्डेरा बंगळुरू एफसीमध्ये डायरेक्टर ऑफ फुटबॉल झाला.

व्यावहारिक संधी क्लब लायसन्सिंगमध्ये, म्हणजे लीगमध्ये खेळायचा परवाना मिळवण्याच्या कामात आहे. वरच्या लीगच्या परवान्यासाठी क्लबला जनरल मॅनेजर, वित्त अधिकारी, माध्यम अधिकारी, डॉक्टर, पात्र मुख्य प्रशिक्षक, युवा विकास प्रमुख अशी माणसं दाखवावी लागतात. शिवाय युवा संघांचे पुरावे आणि लेखापरीक्षित हिशेबही द्यावे लागतात. ही फाइल बनवायला कोणी उत्सुक नसतं. एखाद्या क्लबाकडे जाऊन ती एका मोसमासाठी अंगावर घ्या. ती पूर्ण केलेल्या माणसाला क्लबचा प्रत्येक कोपरा माहीत होतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या तालमींच्या संघांना, मुंबई-पुण्यातल्या जिल्हा लीगच्या क्लबांना, गोव्यातल्या गावच्या क्लबांना तर आणखी साधी गरज आहे: मुलांची नोंदणी वेळेत आणि बरोबर तारखेने करणारा माणूस. या कामाला पगार नसेल किंवा नाममात्र असेल. सॉलिडॅरिटीच्या पहिल्या रकमेचा दावा तुम्ही मिळवून दिलात तर पुढच्या मुलाखतीत तेवढं एक पान पुरतं.

स्वतःचा करार

दुसऱ्यांचे करार करणारे स्वतःचा करार घाईत करतात. त्यात पाच गोष्टी लिहून घ्या. खेळाडू घेणं-विकणं आणि प्रशिक्षक नेमणं-काढणं यांत शेवटचा शब्द कोणाचा. वार्षिक बजेट कोणत्या तारखेपर्यंत कळवलं जाईल. मुख्य खिडकीच्या निदान तीन महिने आधी हवं. मालक बदलला तर तुमचं काय. मुदत किती, तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर अकादमीची जबाबदारी घेऊ नका, तिचं फळ त्या काळात येत नाही. आणि काढल्यास भरपाई किती, कोणत्या हप्त्यात, दुसरी नोकरी लागली तर ती थांबते का. हे शेवटचं कलम बहुतेक मसुद्यांत गुळगुळीत शब्दांत असतं. तिथे आकडा आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.